ताडाच्या सुरीचं टोक

चिंचपाड्यात लोखंड टिकत नाही. खाडीचा वारा खारा, विहिरीचं पाणी खारं, आणि मिठागरावर राबणाऱ्या माणसाचा घाम तर विचारूच नका. पनवेलच्या बाजारातून नवा कोयता आणावा, दोन पावसाळ्यांत त्याच्या पात्याची चाळण होते. म्हणून मिठागरावरची अवजारं सगळी लाकडाची. मीठ ओढायचं तेही लाकडी, चिखल बडवायचा तोही लाकडी, आणि कंबरेला खोचायची सुरी ताडाची.

ही ताडाची सुरी करणारा गावात एकच माणूस उरला होता, धर्मराज घरत. सगळे त्याला धर्मा म्हणत. अंगानं सुकट, पायांना मिठाची पांढरी साल, बोलणं तोलूनमापून. बायको बाळंतपणात गेली तेव्हापासून चूल तोच पेटवायचा. शेजारच्या घरात त्याची बहीण भामा आणि भामाची पोर सुनीता. भामाचा नवरा समुद्रात बुडालेला, त्यामुळे सुनीताला बाप म्हणून जे काय ठाऊक होतं ते हा मामाच.

सुरीसाठी ताड म्हातारा लागतो. वादळात पडलेला असला तर उत्तम. त्याच्या बुडाची बाहेरची काळी साल काढायची, पाचर मारून उभी चिरायची, आणि एक उन्हाळाभर मिठागराच्या चिखलात गाडून ठेवायची. वर काढली की ती दगडासारखी वाजते. मग काचेच्या तुकड्यानं खरवडत खरवडत धार आणायची, निखाऱ्यावर शेकायची आणि खोबरेल चोळायचं. अशा सुरीनं सुंभ कापा, मासळी साफ करा, गोणीची शिवण उसवा. खारं पाणी तिचं काही वाकडं करत नाही.

धर्माच्या आज्यानं त्याला हे शिकवलं तेव्हा एक गोष्ट मुठीनं पाठीत दणका घालून सांगितली होती. सुरीला टोक ठेवायचं नाही. ताडाचं लाकूड म्हणजे आतून सगळे उभे दोरे, टोकाशी ते मोडणार म्हणजे मोडणार. जुन्या सुऱ्या बघा, सगळ्यांची तोंडं बोथट, बेडकाच्या तोंडासारखी.

नव्वद साल उलटलं. मिठागरं एकेक करून सरकारच्या नव्या शहरात जाऊ लागली. गावातल्या पोरी तळोज्याच्या कंपन्यांत डबे आणि पिशव्या भरायला जाऊ लागल्या. सुनीताही जाऊ लागली. सकाळी बस, सांजेला बस. बस सोडायची हमरस्त्याच्या नाक्यावर, आणि नाक्यावर ट्रका थांबलेल्या असायच्या. ट्रकांखाली चटया, चटयांवर पत्ते, आणि पत्त्यांवरून नजरा पोरींकडं. एकदोघींची ओढणी ओढली गेली. एकीनं पर्समध्ये चाकू ठेवला, तर कंपनीच्या दारावर वॉचमननं तो काढून घेतला. आत पेट घेणाऱ्या वाफांचं काम, ठिणगी उडेल असलं लोखंड न्यायचं नाही असा नियम.

एका रविवारी सुनीता आणि तिच्या दोन मैत्रिणी धर्माच्या ओटीवर येऊन बसल्या.

"मामा, मना एक सुरी दे ना."

"कशाला? कंपनीत काय मासली कापतंस?"

"मासली नाय. नाक्यावर बोके बसतान ना, त्यांची शेपटी."

पोरी खिदळल्या. धर्मानं आतून एक जुनी सुरी आणून दिली. सुनीतानं ती उलटीसुलटी करून पाहिली.

"हिला टोक कुठं हाय? हिनं काय त्यांची दाढी करू?"

पुन्हा हशा. धर्माही हसला. पोर चुकीचं काय बोलत होती? कापायच्या सुरीनं बाईमाणूस काय राखणार? त्यानं आठवडाभर बसून नवी सुरी केली. वीतभर लांब, बोटाएवढी रुंद, मुठीकडं चपटी, अंबाड्यात खोचली तर आकडाच वाटावा अशी. आणि पुढं टोक. बारीक, लांब, बाभळीच्या काट्यासारखं. आज्याचा दणका आठवला नाही असं नाही. आठवला. पण हातात कसब आलं की माणसाला मेलेल्या आज्यापेक्षा आपलीच बोटं शहाणी वाटतात.

सुनीता अंबाड्यात सुरी घालून वॉचमनच्या नाकासमोरून आत गेली आणि बाहेर आली. मग काय, धर्माच्या ओटीवर पोरींची रीघ. कुणी चार बांगडे आणायची, कुणी नारळ. धर्मा एकेकीचा हात बघून मूठ करायचा. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी त्याच्यासाठी ताटकळत बसत होतं. त्याला ते आवडलं. आवडलं म्हणजे फारच आवडलं.

शेजारच्या मिठागरावर विठू राबायचा. विठू आणि धर्मा एका वयाचे, एकाच चंचीतली तंबाखू खाणारे. विठू दांडगा आणि तोंडाळ. तो म्हणायचा, "धर्मा, गावातल्या पोरी वागिनी केल्यास रं. पन माज्या गोदूला नको देऊ सुरी. ती लाटन्यावरच भागवते, तेच बरा हाय."

थंडीचे दिवस आले. दिवस लवकर बुडायला लागला. नाक्यावरून पोरी घोळक्यानं यायच्या, पण शेवटचा बांध सुनीताला एकटीनं तुडवावा लागे. एका सांजेला ती धर्माच्या दारात आली ती गुडघ्यापर्यंत चिखलानं भरलेली, हातात सुरी.

"मामा, मी एकाला मारला."

धर्मानं तिला आत ओढलं, दार लावलं. "कोन व्हता?"

"ठावं नाय. बांधावर समोरनं आयला. मी दोन डाव हाक मारली, कोन हाय, कोन हाय. तो काय बोल्लाच नाय, येतच रायला. मी मागं फिरले, पाय घसरला, पडले. तो माज्यावर वाकला. हात फुरं केला. मना धरायला. मंग मी सुरी काढली नि खालनंच..." तिनं सुरी पुढं धरली. "तो हूं पन नाय बोल्ला, मामा. बाजूला झाला, मी उठून पलाले."

"लागली कुठं?"

"पायात. मांडीत असंल."

धर्मानं सुरी दिव्याकडं धरली. टोक नव्हतं. बोटाच्या दोन पेरांएवढं टोक साफ गेलं होतं. चिखलात मोडलं असेल, म्हणाला मनाशी. आणि मग धर्माच्या छातीत जे फुगलं ते सांगायलाच हवं. आपल्या हातची सुरी कामाला आली, असं त्याला वाटलं. पोर समोर कापत होती आणि मामाला आपल्या कारागिरीचं कौतुक वाटत होतं.

"बरा केलास," तो म्हणाला. "आता कोनाला बोलू नको. तुज्या आयशीला पन नाय." आणि सुरी त्यानं चुलीत सारली.

सकाळी विठू आगरावर आला नाही. धर्मा त्याच्या घरी गेला. विठू बाजेवर पडलेला, मांडीला धोतराचं फडकं, फडक्यातून हळद आणि रक्त.

विठूची बायको गोदूबाई म्हणाली, "ह्ये काल चिंबोऱ्यांना गेल्ते. तिवरांत पडले, नि खुंट घुसला. म्हातारपनी कोनी सांगितला व्हता काळोखाचा जाया?"

धर्मानं फडकं वर केलं. तिवराच्या झाडाचा खुंट माणसाला फाडतो, दातेरी भोक पाडतो. ही जखम बारीक होती, शिवणीच्या उसवलेल्या टाक्यासारखी, गुडघ्याच्या वर आतल्या अंगाला. कुंभाराला आपलं मडकं कळतं. धर्माला आपली सुरी कळली, आणि मोडलेलं टोक कुठं असेल तेही कळलं.

चिंबोऱ्या, म्हणजे खाडीतले खेकडे, धरायला निघालेला माणूस वाटेत बोलत नाही. कुणी हटकलं, कुठं चाललास विचारलं, तरी मुकाट्यानं पुढं जायचं. तोंड उघडलं की बिळं रिकामी. हे चिंचपाड्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक, आणि सुनीतालाही ठाऊकच होतं. पण नाक्यावरच्या नजरा अंगावर घेऊन आलेल्या पोरीला काळोखात चिंबोऱ्या कशा आठवाव्यात? आणि विठूला तरी काय माहीत, की पोर चिखलात पडली म्हणून उचलायला हात पुढं केला तर त्याचं हे होईल?

विठू धर्माकडं बघत होता. बोलला एवढंच, "खुंट लागला रं. व्हईल बरा."

धर्मानंच रिक्षा करून त्याला पनवेलला नेलं. डॉक्टर मध्यम वयाचा, कामातला. त्यानं मांडीचा फोटो काढला, उजेडावर धरला.

"हाड व्यवस्थित आहे. पण लाकूड एक्स-रेमध्ये दिसत नाही, हे लक्षात घ्या. किती जाड होता खुंट?"

विठूनं अंगठा दाखवला.

"मग मोडला असता तर हाताला लागला असता. वरवर तरी काही नाही." डॉक्टरनं धर्माकडं बघितलं. "तुम्ही सोबत होतात? खुंट पाहिलात? मोडलेला होता का?"

खोलीत फिनेलचा वास होता. विठूनं मान वळवून धर्माकडं पाहिलं.

"नाय साएब," धर्मा म्हणाला. "मी खुंट नाय बघितला."

हे अगदी खरं होतं. खुंट कुणीच पाहिला नव्हता. डॉक्टरनं जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, गोळ्या दिल्या आणि दुसऱ्या पेशंटला हाक मारली.

जखम वरून मिटली. आतून मात्र मांडी भोपळ्यासारखी सुजली. ताप चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा. डॉक्टरनं दोनदा चिरून पू काढला, पुन्हा भरला. अंगठ्याएवढ्या खुंटाचा तुकडा शोधणारा हात जखमेच्या तोंडाशी शोधणार. बारीक टोक खालून वर, खोल गेलंय, हे त्याला कोण सांगणार? सांगणारा एकच होता, आणि तो विठूच्या आगरात विठूचं मीठ ओढत होता.

हो, धर्मा आता दोन आगरं बघत होता. पहाटे आपलं, दुपारी विठूचं. संध्याकाळी विठूच्या घरी पेज घेऊन जायचा, त्याला कुशीवर वळवायचा, भांडं द्यायचा. गाव म्हणायचं, सख्खा भाऊ करायचा नाही इतकं धर्मा करतोय. गोदूबाईनं तर एक दिवस पदर पसरून म्हटलं, "धर्मा, तुजा भला व्हईल रं. माज्या कुंकवाला तू राकलास." धर्मा तिथून उठला आणि थेट आगरावर गेला. पुन्हा विठूचंच मीठ ओढायला लागला.

सांगायचं का नाही? सुनीताचं लग्न ठरलं होतं. मुलगा उरणचा, गॅसच्या कारखान्यात परमनंट. होळीनंतरची तारीख. सोयरे असे, की पोरीच्या चपलेचा अंगठा तुटला तरी कारण विचारतील. आता गावात उठलं, की सांजेला बांधावर विठू आणि सुनीता, आणि पोरीनं त्याला सुरी मारली, तर लोक काय म्हणतील? पोरीचंही नाव जाणार आणि विठूचंही. विठूचं तर जास्तच. चिंबोऱ्यांची गोष्ट ऐकून घ्यायला कोण बसलंय?

हे सगळं खरंच होतं. पण धर्मा रात्री पडला की दुसरंच काहीतरी वर यायचं. टोक त्यानं ठेवलं होतं. बोलला तर आधी ते उघडं पडणार होतं. ज्या पोरी नारळ घेऊन ओटीवर बसायच्या, त्या काय म्हणतील? पोरीचं नाव राखतोय असं तो स्वतःला सांगायचा. त्यातलं निम्मं आपल्या नावासाठी होतं, आणि ते निम्मं त्याला ओळखू यायचं.

शेवटी त्यानं भामाला सांगितलं. भामा भात वैरत होती. तिनं सगळं ऐकलं, सूप खाली ठेवलं.

"लगीन होवंदे," ती म्हणाली. "मंग काय बोलायचा ते बोल."

"तवर विठ्या मरंल, भामे."

"नाय मरत. पायानं कोन मरतंय?" मग तिनं सूप पुन्हा उचललं. "दादा, मना एकच पोर हाय. गप रव."

धर्मा गप राहिला. आणखी किती दिवस राहिला ते मोजायची त्याची छाती झाली नाही, आपणही मोजू नये.

मग डॉक्टरनं गोदूबाईला सांगितलं, की हाडापर्यंत गेलंय, मुंबईला न्या, पाय कापावा लागेल असं धरून चाला. गोदूबाईनं गावदेवीला बकरा बोलला आणि मंगळसूत्र काढून धर्माच्या हातात दिलं, मोडून आण म्हणाली.

ते मंगळसूत्र मुठीत धरून धर्मा पनवेलला गेला. सोनाराच्या दारावरून पुढं गेला, आणि दवाखान्यात रांग मोडून आत शिरला.

"साएब, आत टोक हाय. ताडाचा. दोन पेरांएवरा. खालनं वर गेलाय, आतल्या अंगाला."

डॉक्टरनं पेन खाली ठेवलं. "तुम्हाला कसं माहीत?"

"सुरी माजी. माज्या हातनं लागली. दाखवत व्हतो, घसरली."

"कधी?"

"त्याच दिसाला."

"मी त्या दिवशी तुम्हालाच विचारलं होतं."

"हां."

डॉक्टरनं विठूचा कागद पुढं ओढला. शिवी देईल असं धर्माला वाटलं. दिली असती तर बरं झालं असतं. "बाहेर बसा," एवढंच तो म्हणाला आणि फोन उचलला.

दुसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यात विठूची मांडी उघडली. टोक निघालं, काळंच, त्याच्या भोवती कुजलेलं मांस. पाय राहिला. पण मांडीचं मांस गेलं, गुडघा कायमचा आखडला. हवालदार येऊन गेला. विठूनं त्याला सांगितलं, की धर्मा म्हणतोय तसंच झालं, मैतरांत मस्करी चालली होती, तक्रार नाही. मंगळसूत्र धर्मानं गोदूबाईच्या हातात परत ठेवलं. तिनं ते घेतलं, त्याच्याकडं न बघता.

खोलीत दोघंच उरले तेव्हा विठू छताकडं बघत म्हणाला, "मी वळखला व्हता तिला. कोन हाय बोल्ली तवाच."

"मंग बोल्लास का नाय रं?"

"चिंबोऱ्यांना निघाल्तो ना." विठूला हसू आलं, ते दुखण्यात विरलं. "वाटला, बाजूनं निघून जाईन. तं ती पडली. म्हनून हात दिला."

धर्मा खाटेचा दांडा धरून उभा होता.

"पोरीचा नाव मी मेलो तरी घेनार नव्हतो," विठू म्हणाला. "पन दाक्तरनं इचारला तवा मी तुज्याकरं बघला. मना वाटला, सुरी धर्माची हाय, धर्मा काय तरी बोलंल. मंग रोज तू पेज आनायचास. रोज वाटायचा, आज बोलंल." तो थांबला. "टोक आत हाय ते मना ठावं नव्हता, धर्मा. तुना ठावं व्हता."

परिचारिका आली आणि भेटायची वेळ संपली म्हणाली.

गावात बातमी झाली ती अशी: धर्मानं मस्करीत विठूला सुरी मारली, आणि पाय सडेपर्यंत तोंड दाबून बसला. ओटीवर थुंकणारे थुंकले. पोरींनी सुऱ्या आणून दारात टाकल्या, त्यातल्या एकीनं म्हटलं, "नको रं बाबा, आपल्याच मानसाला विष व्हायची." धर्मानं सगळ्या सुऱ्या गोळा करून चुलीत घातल्या. हे ओझं त्याला हलकंच वाटलं. जे केलं नाही त्याची शिक्षा भोगणं सोपं असतं. जे केलं होतं, आज्याचं न ऐकता टोक ठेवलं होतं, त्याला कुणी काही म्हणत नव्हतं.

सुनीता मात्र आली. दार आतून लावून तिनं विचारलं, "मामा, खरा सांग. त्या सांजचा मानूस विठूकाका व्हता का?"

"नाय गे. खुली झालंस काय? तो कोन तरी ट्रकवाला. ह्यो माज्या हातचा."

"माजी शप्पत घे."

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. तिनं सुटकेचा श्वास टाकला. तिला विश्वास ठेवायचाच होता.

लग्न ठरल्या दिवशी झालं. सोयऱ्यांची नाकं वाकडी झाली नाहीत. बैल डागाळला तरी गोठा बदलत नाही, तसं मामा म्हणून धर्मालाच उभं राहावं लागलं. त्यानं पोरीला पाटावर आणलं, अंतरपाट सुटला, अक्षता पडल्या. उन्हात मांडव तापला होता. पहिली पंगत बसली तेव्हा विठू काठी टेकत आला. त्याला मांडी घालून बसता येईना. नवी नवरी सुनीता शालू सावरत उठली, आतून खुर्ची घेऊन आली, आणि त्याच्या पाया पडली.

"सुकी रव, बाय," विठू म्हणाला. त्याचा पाय खुर्चीतून फळीसारखा पुढं निघालेला. वाढपी आमटीच्या बादल्या घेऊन तो पाय ओलांडत होते.

धर्मा भात वाढत होता. विठूपाशी तो थबकला.

"वाढ रं," विठू म्हणाला. "उभा काय रायलास?"

धर्मानं वाढलं. मग तो बायकांच्या पंगतीकडं वळला. भामाच्या पानावर वाढला, तिच्या शेजारणीच्या पानावर वाढला. पुढचं पान गोदूबाईचं. तिनं मान वर केली नाही. दोन्ही हात पानावर आडवे धरले आणि तसेच ठेवले.

धर्मा भाताचं भांडं घेऊन पुढच्या पानाकडं सरकला.